जुनी चौकट

जी वस्तु आपलें काम करून निवृत्त झाली, तिला नवें रूप देण्याचा अधिकार कोणास आहे? पडक्या वाड्यांतील खिडक्यांच्या चौकटी घेऊन त्यांवर ओबडधोबड पण जिवंत खोदकाम करणाऱ्या शिल्पकारांचें काम पाहतांना हा प्रश्न आमच्या मनांत उभा राहतो.

बारामती-इंदापूरच्या बाजूस हा प्रश्न केवळ तात्त्विक नाहीं. उजनी येथें भीमेवरील धरण १९८० सालीं पुरें झालें. त्याचें पाणी मागें इंदापूर तालुक्यांत पसरलें आणि जुनें पळसदेव गांव त्याखालीं गेलें. पाणी फार ओसरलें म्हणजे तेथील देऊळ अजून वर दिसतें. घर सोडणारास भिंत नेतां येत नाहीं. चौकट मात्र उखडून नेतां येते. तीच चौकट पुढें अडचणीच्या दिवशीं जुन्या बाजारांत गेली, तर घेणारास मुरलेलें सागवान मिळतें. विकणाराचें काय गेलें, तें तराजूवर येत नाहीं.

कोणी म्हणेल, सरपणांत जाण्यापेक्षां हें बरें. खरें आहे, परंतु वांचविली एवढ्यानें वस्तु सर्वस्वीं आपली होत नाहीं. कै. दिनकर केळकर यांनीं १९२० च्या सुमारास जुन्या वस्तु जमविण्यास आरंभ केला. पुण्यांतील त्यांच्या संग्रहालयांत कोरीव दारें व खिडक्या जुन्या रूपांतच जपल्या आहेत. हा एक मार्ग झाला. उलटपक्षीं जगन्नाथपुरीस देवांच्या काष्ठमूर्तीहि कालांतरानें नव्या घडवितात. २०१५ सालीं असें नवकलेवर झालें आणि जुन्या मूर्तींस भूमींत विसांवा मिळाला. तेथें लाकूड जातें, रूप राहतें. शिल्पकाराच्या हातीं रूप जातें, लाकूड राहतें. मागचें कांहीं तरी पुढें नेणें दोघांसहि चुकत नाहीं.

मग शिल्पकारानें काय न्यावें? गजांचीं भोंकें, बिजागरीच्या खाचा, हात टेकून टेकून गुळगुळीत झालेली कड. हें सारें रंध्यानें काढून टाकल्यास लाकूड नवें दिसेल, पण मुकें होईल. आणि ती चौकट कोणत्या गांवची, हें त्यानें विचारावें व विकत घेणारासहि सांगावें.

आपणहि, वाचकहो, असें शिल्प दिवाणखान्यांत लावण्यापूर्वीं एवढें विचारूं या. जिच्या आड बसून कोणी घरच्यांची वाट पाहिली, त्या खिडकीचें आपण निदान गांव तरी विसरूं नये.