पोहणारा आणि सोबतीची होडी

वाचनाचे भाग : गलतीकरांस पत्र ६:१-५, मत्तय १४:२२-३३



प्रेषित पौलाने गलतीया प्रांतातील मंडळ्यांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात दोन गोष्टी अगदी जवळजवळ सांगितल्या आहेत. दुसऱ्या वचनात तो म्हणतो की, विश्वासणाऱ्यांनी एकमेकांच्या ओझ्यांस खांदा लावावा, कारण ख्रिस्ताचा नियम त्यानेच पुरा होतो. आणि लगेच पाचव्या वचनात सांगतो की, ज्याचा भार त्यानेच वाहायचा आहे. वाचणारा येथे थबकतो. ओझे वाटून घ्यायचे की ज्याचे त्याने वाहायचे? पौल तीन वचनांच्या आत आपलेच बोलणे विसरला काय?

तो विसरला नाही. मूळ ग्रीक भाषेत येथे दोन निराळे शब्द आहेत. दुसऱ्या वचनातला शब्द ‘बारोस’. माणसाला चिरडून टाकील असे जड ओझे, असा त्याचा रोख आहे. पाचव्या वचनातला शब्द ‘फोर्तियोन’. प्रवाशाने आपल्या पाठीवर घेतलेले गाठोडे म्हणावे तसा तो भार आहे. चिरडणारे ओझे वाटून घ्यायचे आणि आपले गाठोडे मात्र दुसऱ्याच्या डोक्यावर द्यायचे नाही, असा हा उपदेश आहे. ऐकायला तो सोपा वाटतो. पण घरात, मंडळीत आणि शब्बाथशाळेच्या वर्गात तो पाळायला बसले म्हणजे कोणते ओझे आणि कोणते गाठोडे हे चटकन उमगत नाही. म्हणून आज एक दृष्टांत घेऊ. तो समुद्रात लांब पल्ल्याचे पोहणाऱ्यांचा आहे.

गोव्याचे नाव काढले की परक्या माणसाच्या डोळ्यांपुढे समुद्र उभा राहतो. पण डिचोली तालुक्यातील लाटंबार्से हे गाव किनाऱ्यापासून आत, महाराष्ट्राच्या हद्दीजवळ वसलेले आहे. अशा गावातील मुलांची पाण्याशी ओळख होते ती विहिरीत, तळ्यात, नाही तर पावसाळ्यात भरून वाहणाऱ्या व्हाळात. पाठीला सुका भोपळा बांधून पोहणे शिकलेले वडील लोक आजही पुष्कळ गावांत भेटतील. अशा मुलांपुढे भर समुद्रात पोहणाऱ्याचा दाखला का ठेवावा, असे एखाद्या शिक्षकाला वाटेल. तर ज्याच्याविषयी आपण बोलणार आहोत तोही समुद्रकाठचा नव्हे. तो पुण्याचा आहे, आणि पुण्याला समुद्र नाही.

त्याचे नाव रोहन मोरे. जगातील सात कठीण खाड्या व सामुद्रधुन्या पोहून पार करण्याचे एक आव्हान आहे. त्यास ‘ओशन्स सेव्हन’ असे म्हणतात. २०१२ साली आयर्लंडच्या स्टीफन रेडमंड यांनी ते प्रथम पुरे केले. रोहन मोरे यांनी २०१४ साली इंग्लंड व फ्रान्स यांमधील इंग्लिश खाडी पोहून ओलांडली, आणि ९ फेब्रुवारी २०१८ रोजी न्यूझीलंडच्या दोन बेटांमधील कुकची सामुद्रधुनी ओलांडून सातांचा आकडा पुरा केला. असे करणारे ते आशिया खंडातील पहिले पोहणारे ठरले. पुढे त्यांना तेनसिंग नोर्गे राष्ट्रीय साहस पुरस्कार मिळाला.

या सात पाण्यांची नुसती ओळख करून घेतली तरी छाती दडपते. इंग्लिश खाडी सरळ रेषेत सुमारे ३३ किलोमीटर आहे; पण भरती-ओहोटीचा ओढा पोहणाऱ्याला आधी एकीकडे व मग दुसरीकडे नेतो, आणि त्याची वाट नागमोडी होऊन पुष्कळ लांबते. आयर्लंड व स्कॉटलंड यांमधील नॉर्थ चॅनेल अतिशय थंड असून तिच्यात मोठमोठे जेलीफिश असतात. त्यांचा स्पर्श झाला की अंगाची आग होते. हवाई बेटांमधील मोलोकाईची खाडी ४० किलोमीटरांहून अधिक रुंद असून तेथे शार्क मासे असतात. जिब्राल्टर त्यांत अरुंद खरी, पण तेथे प्रवाह जोराचा आणि मोठ्या जहाजांची ये-जा अखंड. उरलेल्या दोन म्हणजे अमेरिकेच्या कॅलिफोर्नियातील कॅटालिना आणि जपानमधील त्सुगारू.

आता या पोहण्याचे नियम ऐका, कारण आपला धडा त्यांतच आहे.

पोहणाऱ्याने एका किनाऱ्यावरून निघून दुसऱ्या किनाऱ्यावर पोहोचावयाचे. अंगावर साधा पोहण्याचा पोशाख, डोक्याला टोपी, डोळ्यांना चष्मा, एवढेच. ऊब देणारा किंवा तरंगायला मदत करणारा पोशाख चालत नाही. अंगाला चरबी किंवा मलम चोळलेले चालते. त्याच्या शेजारून एक होडी सतत चालते. तिच्यात नावाडी असतो, सोबती असतात आणि नियम पाळले जातात की नाही हे पाहणारा निरीक्षक असतो. ठराविक वेळाने सोबती लांब काठीने किंवा दोरीने पेय व खाणे पोहणाऱ्याकडे सोडतात. तो पाण्यात तरंगत ते घेतो आणि पुढे निघतो. पण त्याने होडीला हात लावावयाचा नाही, आणि होडीतल्या कोणी त्याला आधार द्यावयाचा नाही. स्पर्श झाला की ते पोहणे तेथेच संपले.

या नियमांतून आपण तीन गोष्टी शिकू.

पहिली गोष्ट : पाण्यात ज्याचे त्यानेच उतरावे लागते.

होडीतल्या माणसांचे पोहणाऱ्यावर कितीही प्रेम असो, त्याचा एक हातही ते त्याच्याऐवजी मारू शकत नाहीत. थंडी त्याच्याच हाडांत शिरते, खारे पाणी त्याचीच जीभ सुजवते. आपल्या जीवनातही असे काही भार आहेत. पश्चात्ताप दुसऱ्याच्या वतीने करता येत नाही. आईचा विश्वास मुलाच्या नावावर चढवता येत नाही. नवरा गेलेल्या भगिनीचे दुःख मंडळीतल्या कोणालाही तिच्याऐवजी भोगता येत नाही. दारूच्या आहारी गेलेल्या बंधूला ‘आज नको’ हे शब्द स्वतःच्याच तोंडाने रोज म्हणावे लागतात. पौल ज्याला गाठोडे म्हणतो ते हेच.

येथे प्रेमळ माणसांची एक चूक होते. मुलाला त्रास नको म्हणून त्याचा प्रत्येक निर्णय आईबाप घेतात. शब्बाथशाळेत प्रश्न विचारला की मुलाच्या आधी शिक्षकच उत्तर सांगून टाकतो. अशा मुलाला आपण किनाऱ्यावर पोहोचवले असे आपल्याला वाटते. खरे पाहता तो पाण्यात उतरलेलाच नसतो. पुढे शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी तो म्हापशाला, पुण्याला, मुंबईला गेला आणि पाणी खोल झाले म्हणजे त्याला हातपाय हलवता येत नाहीत. मग आपण म्हणतो, शहराने मुलगा बिघडवला. त्याला आपण पोहायला शिकवले होते काय?

दुसरी गोष्ट : होडी बाजूला सरत नाही.

पहिलीच गोष्ट धरून बसलो तर आपण कठोर होऊ. ‘ज्याचे त्याने पाहावे’ हे वाक्य शहाणपणाचे वाटते, पण पुष्कळदा ते आळसाचे पांघरूण असते. म्हणून होडीकडे पाहा. पोहणाऱ्याचे डोळे पाण्याच्या पातळीवर असतात. त्याला पलीकडचा किनारा दिसत नाही, प्रवाह कोठे वळला तेही कळत नाही. दिशा होडी दाखवते. श्वासासाठी तोंड वळवले की ती शेजारी दिसते, तेवढ्यावर तो पुढचे हात मारतो. रात्र झाली की होडीवर दिवा लागतो, आणि पोहणारा कोठे आहे ते समजावे म्हणून त्याच्याही अंगावर लहानसा दिवा असतो.

होडीतले सोबती आणखी एक काम करतात. पोहणारा एका मिनिटात किती हात मारतो हे ते मोजत राहतात. हात मंदावले की त्यांना शंका येते. मग ते त्याला साधेसुधे प्रश्न विचारतात. अंग फार थंड पडले म्हणजे माणसाची बुद्धी भरकटते, जीभ अडखळते, आणि आपण बुडू लागलो आहोत हे त्याला स्वतःला कळत नाही. त्याला कळत नाही म्हणूनच दुसऱ्याने मोजावे लागते.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनो, आपल्या हजेरीपुस्तकाचा उपयोग हाच आहे. कार्यालयाला आकडा कळवण्यापुरते ते नाही. दर रविवारी येणारी मुलगी लागोपाठ तीन रविवार दिसली नाही, मोठ्याने गाणारा मुलगा एकाएकी मागच्या बाकावर गप्प बसू लागला, म्हणजे हात मंदावले. अशा वेळी त्या घरी जाऊन ‘कशी आहेस, बाळ?’ एवढे विचारणे म्हणजे एकमेकांची ओझी वाहणे. आपण तिची परीक्षा देऊ शकत नाही, तिच्या घरातले भांडण आपल्या अंगावर घेऊ शकत नाही. पण दिवा लावून शेजारी राहू शकतो, आणि वेळेवर पेज पोहोचवू शकतो. कधी कधी ती पेज खरोखरची पेज असते, हेही विसरू नये.

तिसरी गोष्ट : बाहेर काढणे ही देखील सेवा आहे.

होडीच्या नावाड्याला एक अधिकार असतो. पोहणाऱ्याच्या जिवाला धोका आहे असे दिसले तर तो पोहणे थांबवू शकतो, पोहणारा नको म्हणाला तरी. बंगालच्या आरती साहा १९५९ साली इंग्लिश खाडी पोहावयास गेल्या तेव्हा त्या एकोणीस वर्षांच्याही नव्हत्या. २७ ऑगस्टला त्यांनी पहिला प्रयत्न केला. त्यांची होडी वेळेवर आली नाही. सुमारे ४० मिनिटे उशीर झाला आणि अनुकूल वेळ हातची गेली. तरी त्या इंग्लंडच्या किनाऱ्यापासून अवघ्या काही मैलांवर पोहोचल्या. तेथे उलटा प्रवाह लागला. तासन् तास हात मारूनही पुरेसे अंतर कटेना. त्यांची इच्छा पुढे जाण्याची होती, पण नावाड्याच्या आग्रहामुळे त्यांना थांबावे लागले.

त्या दिवशी किनाऱ्यावरच्या लोकांनी काय म्हटले असेल ते असो. ३३ दिवसांनी, २९ सप्टेंबरला, त्या पुन्हा त्याच पाण्यात उतरल्या आणि १६ तास २० मिनिटे पोहून पलीकडे पोहोचल्या. इंग्लिश खाडी पोहून जाणारी आशियातील ती पहिली स्त्री. १९६० साली त्यांना पद्मश्री मिळाली. पहिल्या दिवशी जीव सांभाळला गेला म्हणून दुसरा दिवस उगवला.

पौलही आपल्या भागाची सुरुवात येथूनच करतो. कोणी अपराधात सापडला तर त्याला सौम्यतेने पूर्वस्थितीवर आणा, असे तो पहिल्या वचनात सांगतो. तेथे त्याने वापरलेले ग्रीक क्रियापद आणि मार्क १:१९ मध्ये याकोब व योहान तारवात बसून जाळी नीट करीत होते तेथले क्रियापद एकच आहे. फाटलेले जाळे कोळी फेकून देत नाही. मांडीवर घेऊन सांधतो, कारण उद्या ते पुन्हा पाण्यात टाकायचे असते. थकलेल्या शिक्षकाला वर्षभर विसावा देणे, कर्जात रुतलेल्या कुटुंबाला बाहेर ओढणे, चुकलेल्या तरुणाला चारचौघांत न दुखवता एकांतात भेटणे, ही सांधण्याची कामे आहेत. पौल त्याबरोबर एक इशाराही देतो : सांधणाऱ्याने स्वतःकडे लक्ष ठेवावे, नाही तर तोही मोहात पडेल. होडीत बसलेल्याने पोहणाऱ्याला हसू नये. उद्या पाण्यात तो असेल.

बंधुभगिनींनो, येथपर्यंत दृष्टांत आपल्याबरोबर आला. पण प्रत्येक दृष्टांत कोठेतरी थांबतो, आणि हा जेथे थांबतो तेथूनच आपली सुवार्ता सुरू होते.

मत्तयाच्या चौदाव्या अध्यायात पेत्र तारवातून उतरून प्रभूकडे निघाला. वारा पाहून तो भ्याला, बुडू लागला आणि ओरडला. खाडीच्या नियमाप्रमाणे आता दोनच वाटा होत्या : स्वतः हातपाय मारून तगणे, नाही तर हात धरून हरणे. प्रभूने काय केले? त्याने तत्काळ हात पुढे करून त्याला धरले. स्पर्श झाला की पोहणे बाद, हा समुद्रावरचा नियम. स्पर्श झाला म्हणून पेत्र वाचला, ही प्रभूची कृपा. आपले तारण आपण किती हात मारले यावर मोजले जात नाही. प्रभू होडीत बसून निरीक्षण करणारा नाही. तो आपल्या पाण्यात उतरला, आणि वधस्तंभावर आपले चिरडणारे ओझे त्याने स्वतःवर घेतले.

प्रेषितांच्या कृत्यांच्या सत्ताविसाव्या अध्यायात पौलाचे जहाज मेलिता बेटापाशी फुटले, तो प्रसंग आठवा. ज्यांना पोहता येत होते ते आधी उडी टाकून किनाऱ्याला लागले; ज्यांना येत नव्हते ते फळ्यांवर व जहाजाच्या तुकड्यांवर बसून आले. आणि सगळेच्या सगळे सुखरूप पोहोचले. आपल्या मंडळीतही चांगले पोहणारे आहेत आणि फळीला धरून येणारे आहेत. किनाऱ्यावर पोहोचल्यावर कोण कसा आला हे विचारले जाणार नाही. पण आज, पाण्यात असताना, शेजारच्याचे हात मंदावले आहेत काय, हे पाहणे आपल्याकडे सोपवले आहे.

या आठवड्यात एक काम करू या. हजेरीपुस्तक उघडून एक नाव शोधू, आणि पुढच्या रविवारच्या आत त्या घराचे दार ठोठावू.

प्रार्थना : हे कृपाळू पित्या, आमचा भार आम्ही न कुरकुरता वाहावा असे बळ दे. शेजाऱ्याचे ओझे दिसावे असे डोळे दे. जो थकला त्याला हसण्यापासून आम्हास आवर, आणि जो बुडत आहे त्याच्यापर्यंत तुझा हात आमच्या हातांनी पोहोचव. येशू ख्रिस्त आमचा प्रभू याच्या नावाने मागतो. आमेन.