किटण काढणारे हात

दंतवैद्यकाच्या नियमनासाठी १९४८ मध्ये केलेल्या केंद्रीय कायद्याने डेंटल हायजिनिस्टची व्याख्या मोजक्या शब्दांत केली. स्वतः दंतवैद्य किंवा डॉक्टर नसलेली, परंतु दातांवरचे किटण काढणारी, दात स्वच्छ करून त्यांना झिलई देणारी किंवा दातांची निगा कशी राखावी हे शिकवणारी व्यक्ती म्हणजे हायजिनिस्ट. यातली पहिली कामे हाताची आहेत आणि शेवटचे शिकवण्याचे. नांदेड आणि लातूर या शहरांतील दवाखान्यांचा विचार करताना ही विभागणी लक्षात ठेवावी लागते, कारण तेथे हाताचे काम भरपूर उरले आहे आणि शिकवण्याचे जवळजवळ संपले आहे. या कामातल्या थकव्याचे मूळ पाठीच्या मणक्यात शोधले जाते, पण त्याचा मोठा भाग शिकवण्याच्या या तुटीत आहे.

देशात नोंदणीकृत दंतवैद्य दोन लाखांहून अधिक असताना नोंदणीकृत हायजिनिस्ट मात्र काही हजारच आहेत. त्यामुळे दोन वर्षांचे खास प्रशिक्षण घेतलेली व्यक्ती मराठवाड्यातील लहान दवाखान्यात क्वचितच भेटते आणि तिचे काम दोघांत वाटले जाते. स्केलिंग, म्हणजे किटण खरवडून काढणे, हे नुकत्याच बीडीएस झालेल्या आणि टक्केवारीवर किंवा तुटपुंज्या पगारावर राबणाऱ्या तरुण दंतवैद्याकडे जाते. हत्यारे धुणे, ती ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, घालणे आणि लाळ ओढणारी नळी धरणे हे एखाद्या सहायक मुलीकडे येते. प्रवेश परीक्षांच्या कसून तयारीच्या ‘लातूर पॅटर्न’च्या या मुलखात एमबीबीएसचे गुण थोडक्यात हुकल्यावर बीडीएसला गेलेल्यांची संख्या मोठी आहे. पाच वर्षे शिकून हाती आलेले हे काम अशा दंतवैद्याला स्वतःच्या दवाखान्यापूर्वीचा मुक्काम वाटते, आणि मुक्कामाच्या जागेची डागडुजी सहसा कोणी करत नाही. सहायक मुलगी तर ते काम शिकलेलीच नसते. परिणामी हे काम दोघेही करतात, पण त्याला आपले म्हणणारा कोणीच उरत नाही.

शरीर मात्र या वाटणीचा हिशेब ठेवते. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूस, जिभेखाली लाळेच्या ग्रंथी उघडतात तेथे, किटणाचा थर सर्वांत जाड साचतो आणि ती जागा सरळ नजरेला दिसत नाही. डाव्या हातातल्या छोट्या आरशात ती पाहायची आणि उजव्या हाताची अनामिका शेजारच्या दातावर टेकवून त्या आधारावर हत्यार फिरवायचे, अशी मूळ रीत आहे. या रीतीत मान ताठ राहते आणि बळ नुसत्या बोटांऐवजी मनगट आणि हाताचे मिळून लागते. परंतु अल्ट्रासॉनिक स्केलर, म्हणजे टोकाच्या सूक्ष्म कंपनांनी किटण फोडणारे यंत्र, पाण्याचा फवारा सोडते आणि तेवढ्याने आरसा धूसर होतो. नळी धरायला कोणी नसेल तर रुग्णाला दर दोन मिनिटांनी उठून चूळ भरावी लागते, त्यामुळे हाताची लय तुटते आणि घाईत आरसा बाजूला ठेवून मान खाली घातली जाते. दिवसाकाठी असे आठ-दहा रुग्ण झाले की खांदा, मानेचा मागचा भाग आणि अंगठ्याच्या मुळाशी दुखणे सुरू होते. इटालियन वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० मध्ये कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिताना अवघडलेली बैठक आणि एकसारखी हालचाल यांनाही दोष दिला होता. निदान इतके जुने असूनही उंची बदलता येणारे चाकांचे स्टूल अनेक दवाखान्यांना अजून चैन वाटते.

त्यात पाण्याचा प्रश्न मराठवाड्याचा स्वतःचा आहे. स्केलरचे टोक थंड ठेवायला सतत पाणी लागते, आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातूरला त्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. टँकरच्या किंवा बोअरच्या जड पाण्यातले क्षार बारीक नळ्यांत बसतात, फवारा मंदावतो, टोक तापते, दात झिणझिणतात आणि रुग्णाच्या कुरकुरीला तोंड यंत्र चालवणाऱ्यालाच द्यावे लागते.

संरक्षणाची बाजूही कोरडीच आहे. कर्मचारी राज्य विमा योजनेची मर्यादा दहा कामगारांची, तर भविष्य निर्वाह निधीची वीसची. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानेही मुळात दहापेक्षा कमी कामगारांच्या आस्थापना बहुतेक तरतुदींच्या बाहेर ठेवल्या. दोन खुर्च्या आणि तीन माणसे असलेला दवाखाना यांतल्या प्रत्येक उंबरठ्याच्या अलीकडेच थांबतो. हत्यार धुताना सहायिकेच्या बोटाला टोक लागले, तर तिला हिपॅटायटिस-बीच्या लसीचे तिन्ही डोस मिळालेले आहेत की नाहीत हे मालकाच्या सद्भावनेवर अवलंबून राहते.

तरीही पगार, स्टूल आणि विमा यांची सोय झाल्याने समाधान येईलच असे नाही. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात, ब्रिजपोर्ट येथे डॉ. आल्फ्रेड फोन्स यांनी १९१३ मध्ये हायजिनिस्टांची पहिली शाळा काढली, तेव्हा तेथून बाहेर पडलेल्या स्त्रियांपैकी अनेकींना शहरातल्या शाळांत नेमले गेले. त्या मुलांचे दात साफ करत आणि ते कसे राखायचे हे शिकवतही. रोग होण्याआधीच तो टळला, हे पाहण्याचे सुख त्या कामात होते. नांदेड जिल्ह्यात अशा शिकवणीला विषय तरी किती आहेत! किनवटकडच्या काही गावांच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. ते लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर गेले आणि बालपणी दात घडत असताना पोटात गेले, तर एनॅमलमध्येच पांढरे-तपकिरी डाग पडतात. हे डाग बाहेरून चिकटलेले नसल्याने स्केलिंगने जात नाहीत. आईबाप मात्र मुलाला ‘दात घासत नाही’ म्हणून रागावत असतात आणि डाग तसेच राहिले की दवाखान्यालाही बोल लावतात. मिसरी लावणाऱ्या वयस्क बायका, २०१२ च्या बंदीनंतरही पुडी मिळवणारे गुटखेबाज, आणि ‘मशीन लावली की दात हलतात’ ही घरोघरची समजूत! दाताला धरून ठेवणारे हाड आधीच झिजलेले असते आणि किटणाच्या कवचाने ते झाकले गेलेले असते, म्हणून कवच निघताच दात हलताना जाणवतो, एवढे सांगायला पाच मिनिटे पुरतात. राष्ट्रीय पाहणीनुसार २०१६-१७ मध्ये महाराष्ट्रातील चारांपैकी एकाहून अधिक प्रौढ तंबाखू वापरत होते. त्यांतले बहुतेक ती तोंडातच ठेवत, म्हणजे हायजिनिस्टच्या आरशासमोर.

ही पाच मिनिटे कोणत्या खात्यात मांडायची हा खरा पेच आहे. दवाखान्याच्या पावतीवर क्ष-किरण, फिलिंग, रूट कॅनल आणि स्केलिंग यांच्या ओळी असतात. मुखेडहून दोन एसट्या बदलून आलेल्या बाईला मिसरी टप्प्याटप्प्याने कशी सोडायची हे समजावण्याची ओळ नसते. टक्केवारीवर काम करणारा तरुण दंतवैद्य त्या वेळात पुढचा रुग्ण घेतो, कारण स्केलिंगचा दर आधीच कमी आणि शिबिरात तर ते फुकट. असा निर्णय त्याने लोभापोटी घेतला असे म्हणणे अन्यायाचे होईल. मान दुखत असताना, फवारा अडखळत असताना आणि बाहेर बाकावर चार जण बसलेले असताना बोलण्याची हौस आधी मरते, आणि मग उरतो तो फक्त दुखरा अंगठा.