खूण आणि देश

एखादे चित्र समोर ठेवावे आणि देश कोणता ते ओळखावे, हा खेळ अलीकडे घरोघरी चालतो. लोखंडी मनोरा दिसला की फ्रान्स, वाळवंटातील पिरॅमिड दिसले की इजिप्त, चौकडीचा घागऱ्यासारखा पोशाख घातलेला पुरुष दिसला की स्कॉटलंड. मुले चटकन उत्तर देतात, वडीलधाऱ्यांना कौतुक वाटते, आणि त्यात गैर काही नाही. भूगोल शिकवण्याचे याहून कितीतरी रुक्ष प्रकार आपल्या पिढीने सोसले आहेत. परंतु या खेळात दडलेला एक प्रश्न निव्वळ भूगोलाच्या कक्षेत मावत नाही. खुणेवरून देश ओळखला म्हणजे आपण नेमके काय ओळखले? आणि ज्याला आपण असे ओळखतो त्याला आपण न्याय देतो काय?

प्रश्नाचा पूर्वार्ध आपल्या न्यायशास्त्राने फार पूर्वी हाताळला आहे. लक्षण कसे असावे हे सांगताना अन्नंभट्टाने आपल्याच तर्कसंग्रहावरील दीपिकेत गाईचे उदाहरण घेतले आहे. गाय म्हणजे तांबूस रंगाची असे म्हटले तर पांढऱ्या गाई बाहेर राहतात, ही अव्याप्ती. शिंगे असलेली ती गाय म्हटले तर म्हैसही आत शिरते, ही अतिव्याप्ती. आणि अखंड खुराची ती गाय म्हटले तर असली गाय त्रिभुवनात सापडायची नाही, हा असंभव. गळ्याखाली लोंबणारी पोळी हे मात्र तिचे निर्दोष लक्षण.

हीच कसोटी देशांच्या खुणांना लावून पाहावी. अतिव्याप्तीचे काम लवकर आटोपते. डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांची भातशेती दाखवली तर ती फिलिपीन्समधील बानावेची असेल, चीनच्या युन्नान प्रांतातील असेल, उत्तर व्हिएतनामची किंवा बालीची असेल. उत्तर देणारा बहुधा ज्या देशाची जाहिरात त्याने अधिक वेळा पाहिली असेल त्याचे नाव घेतो. आमच्या इंदुरातील पोह्यांचेही असेच. शेव भुरभुरलेले पोहे आणि शेजारी जिलेबी, हा थाट माळव्याचा की मराठी घरचा, यावर दोन्ही बाजूंनी हिरिरीने बोलणारे लोक मी पाहिले आहेत. खाताना मात्र कोणी मागे राहत नाही.

अव्याप्तीपाशी थोडे थांबावे लागते. आयफेल मनोरा 1889 च्या प्रदर्शनासाठी उभा राहिला. त्याचे काम नुकतेच सुरू झाले असताना, 1887 च्या फेब्रुवारीत, पॅरिसमधील नामवंत कलावंतांनी त्याच्याविरुद्ध जाहीर निषेध प्रसिद्ध केला. त्यावर सही करणारांत कथाकार मोपासाँ, संगीतकार गूनो आणि पॅरिसच्या ऑपेरागृहाचे वास्तुकार गार्निए होते. फ्रेंच अभिरुचीला हा कलंक आहे, असा त्यांचा दावा होता. परवानगीही वीस वर्षांचीच होती. बिनतारी संदेशवहनासाठी उपयोग झाला म्हणून मनोरा वाचला. स्कॉटलंडचा पोशाख मूळचा उत्तरेकडील डोंगराळ मुलखातला. 1745 च्या बंडानंतर ब्रिटिश संसदेने 1746 मध्ये कायदा करून त्यावर बंदी घातली, ती 1782 पर्यंत टिकली. पुढे 1822 मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला, तेव्हा वॉल्टर स्कॉट यांनी आखलेल्या समारंभात तोच पोशाख साऱ्या स्कॉटलंडचा म्हणून मिरवला गेला आणि खुद्द राजानेही तो अंगावर चढवला. सखल प्रदेशातील ज्या लोकांचे पूर्वज या पोशाखाला रानटी समजत, त्यांचीही ओळख त्याच पोशाखाने होऊ लागली.

येथे गाईचे उदाहरण अपुरे पडते. गाय आपली पोळी निवडत नाही. देशाची खूण मात्र कोणीतरी निवडलेली असते. कधी राजा निवडतो, कधी प्रवासी, कधी प्रदर्शन भरवणारा, कधी चहाच्या डब्यावर चित्र छापणारा. पाहणाऱ्याला ती डोंगरासारखी निसर्गसिद्ध वाटते, एवढेच.

आणि डोंगर तरी निसर्गसिद्ध खूण असतो काय? आर्मेनियाचे म्हणून सर्वत्र दिसणारे एक चित्र आहे. पुढे द्राक्षांचे मळे, टेकडीवर खोर विराप नावाचा जुना मठ आणि मागे अरारात पर्वताचे बर्फाच्छादित शिखर, सुमारे पाच हजार शंभर मीटर उंच. चित्र पाहून कोणीही आर्मेनिया म्हणेल आणि त्याला पूर्ण गुण मिळतील. परंतु मठ आर्मेनियात आहे, पर्वत तुर्कस्तानात. मठ आणि पर्वत यांच्यामधून आरास नदी वाहते आणि तीच सीमा आहे. पहिल्या महायुद्धानंतरच्या उलथापालथीत, 1921 च्या तहांनी अरारात तुर्कस्तानकडे गेला. 1993 मध्ये तुर्कस्तानने सीमाही बंद केली. असे असूनही आर्मेनियाच्या राजचिन्हात मधोमध अरारात आहे, त्यावर नोहाची नौका आहे. स्वच्छ हवेच्या दिवशी येरेवानच्या रस्त्यांतून पर्वत समोर दिसतो. चढता मात्र येत नाही.

न्यायशास्त्राच्या भाषेत हा असंभव, तिन्ही दोषांतील सर्वांत निरर्थक. जे लक्षण त्या वस्तूत नाहीच, ते तिचे लक्षण कसले? आणि तरीही 1915 च्या कत्तलींतून वाचून जगभर विखुरलेल्या आर्मेनियन माणसाला विचारले तर आपल्या देशाची सर्वांत खरी खूण म्हणून तो हाच पर्वत दाखवील. जे हातचे गेले तेच ओळख होऊन बसले. 2025 मध्ये पाशिन्यान यांच्या सरकारने सीमेवर पारपत्रावर उमटवायच्या शिक्क्यांतून अरारातचे चित्र काढण्याचा निर्णय घेतला, तेव्हा त्यावर मोठा वाद झाला. एक बाजू म्हणते, आहे त्या देशाकडे पाहा, शेजाऱ्याच्या डोंगराकडे डोळे लावून शांतता नांदत नाही. दुसरी म्हणते, स्मृती पुसून मिळणारी शांतता ती कसली. मला पहिल्या बाजूचा विवेक पटतो, आणि दुसऱ्या बाजूला तिच्या दुःखाबद्दल उपदेश करण्याचा अधिकार आपल्याला आहे असे वाटत नाही. शिवाय त्या पर्वताच्या पायथ्याशी आज मुख्यतः कुर्द लोक राहतात. खेळातल्या उत्तरात त्यांचे नाव कधीच येत नाही.

गमावलेल्या खुणेचे दुःख एक. खूण हिरावली जाईल ही भीती त्याहून धोक्याची. कंबोडियाच्या ध्वजावर अंगकोर वाट आहे. बाराव्या शतकात सूर्यवर्मा दुसरा याने विष्णूसाठी बांधवलेले आणि पुढे बौद्धांचे झालेले हे मंदिर ज्या प्रांतात आहे, तो 1907 पर्यंत सयामच्या, म्हणजे आजच्या थायलंडच्या, ताब्यात होता. 2003 च्या जानेवारीत एका थाई अभिनेत्रीने अंगकोर थायलंडचे असल्याचे म्हटले, अशी वार्ता नॉम पेन्हमध्ये पसरली. तिने ती नाकारली. तोवर जमावाने थाई वकिलात जाळली होती आणि थाई नागरिकांना विमानांनी हलवावे लागले. याच मंदिराचे तीन मनोरे 1975 ते 1979 या काळात ख्मेर रूजच्या ध्वजावरही होते. त्या चार वर्षांत पंधरा ते वीस लाख माणसे मेली. दोन्ही ध्वज पाहून विद्यार्थी कंबोडिया म्हणेल आणि दोन्ही वेळा त्याचे उत्तर बरोबर धरले जाईल.

यावर कोणी म्हणेल, खूणच नको म्हटले तर ओळखायचे कशाने? आक्षेप रास्त आहे. मी महसूल खात्यात असताना सीमांकनाच्या प्रकरणात प्रथम चांदा शोधावा लागे. चांदा म्हणजे मोजणीचा आधार म्हणून रोवलेला पक्का दगड. तो सापडल्याशिवाय पटवाऱ्याला जरीब टाकता येत नसे. परंतु चांदा सापडला म्हणून प्रकरण निकाली निघाल्याचे माझ्या पाहण्यात नाही. शेत कोण कसतो, पाणी कोणत्या नाल्याचे, बांधावरचा आंबा कोणाचा, हे सारे त्यानंतर सुरू होई. खुणेवरून देश ओळखणारा बहुधा चांद्यापाशीच फाइल बंद करतो. त्याचा दोष अज्ञानाचा म्हणता येत नाही, कारण त्याचे उत्तर बरोबर असते. आणि बरोबर उत्तरानंतर कोणी पुढे विचारीत नाही.

आपणा बृहन्महाराष्ट्रातील मंडळींना हे समजायला जड जाऊ नये. पाच-सहा पिढ्या माळव्यात काढलेला माणूस इंदुरात आडनावावरून बाहेरचा ठरतो आणि पुण्यात बोलण्यातील हिंदी वळणावरून. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराचे चित्र दाखवले तर उत्तर तामिळनाडू, चोळांचे वैभव, असे येईल आणि ते योग्यच आहे. त्याच मंदिराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी 1803 मध्ये भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला आहे. मंदिर त्यामुळे मराठी होत नाही. पण त्या भिंतीपाशी पिढ्यान्पिढ्या राहिलेली मराठी कुटुंबे त्या चित्राच्या आतच आहेत.

आमच्या घरी आता या खेळाला एक नियम जोडला आहे. देश ओळखणाऱ्याने चित्रात न दिसणारी एक गोष्ट सांगायची. अरारातच्या चित्रावर नातीने सांगितले काहीच नाही, उलट विचारले, “आजोबा, हाच डोंगर पलीकडून कसा दिसतो?” पलीकडचे चित्र शोधायला बराच वेळ लागला. तुर्कस्तानातील दोगुबेयाझित गावाच्या बाजूने घेतलेले ते आहे. त्यात मठ नाही. अरारातला दोन शिखरे आहेत, एक थोरले, एक धाकटे. येरेवानकडून पाहिले तर धाकटे डावीकडे दिसते. या चित्रात ते उजवीकडे आहे.