पाळी

पहाटे पाटाला पाणी आलं. वीज नव्हती, मोटारी बंद होत्या, त्यामुळे चारीत शिरणाऱ्या पाण्याची खळखळ थेट घरापर्यंत ऐकू आली. श्रीरामपूरच्या माणसाला हा आवाज झोपेतही कळतो. पेपर हातात आला की आम्ही आधी भंडारदऱ्याचा आकडा बघतो. 1926 साली पूर्ण झालेलं ते धरण भरलं म्हणजे 11,039 दशलक्ष घनफूट. आवर्तनं किती आणि आपली पाळी कधी, हे सगळं त्या आकड्यावर. पाणी ही आमच्याकडे मोजायची, मागायची, प्रसंगी बांधावर भांडायची गोष्ट.

म्हणूनच की काय, पाटाला पाणी आलं की मला मालवणचा तो दिवस आठवतो. मार्गशीर्षात एका लहान होडीतून गरवायला गेलो होतो. गरवणं म्हणजे गरी टाकून मासे धरणं.

होडी चालवणाऱ्या तांडेलांनी मुद्दाम अष्टमीला बोलावलं होतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ निघते. आठाची पाऊणपट सहा. शिवाय अष्टमीला भांगाची भरती, पाण्याला ओढ कमी, म्हणून गरी सरळ तळाला जाते. हे सगळं त्यांनी दोर सोडता सोडता सांगितलं. आमच्या पाटकऱ्याला चाऱ्यांच्या पाळ्या तोंडपाठ असतात, अगदी तसं. मला त्या क्षणी ते घरचे वाटले.

पाठीशी गार मतलई वारा होता. उजाडता उजाडता सिंधुदुर्गाचा तट मागे पडला. दोन तास काहीच लागलं नाही. मग एकाएकी रीळ किंचाळायला लागलं. सुरमई! मी दोन्ही हातांनी रीळ आवळून धरलं. हाताशी आलेलं पाणी पुढे जाऊ द्यायची आम्हाला सवय नाही. माशाचंही तेच केलं. "वडू नकात! सोडा, सोडा!" तांडेल ओरडले, तोवर दोरी तुटली होती. त्यानंतर रॉड जो हलका झाला, तो हलकेपणा मनगटाला अजून आठवतो. सुरमईला धावू द्यायचं असतं. ती दमली की थोडं घ्यायचं, परत धावली की परत द्यायचं.

परतताना खडपाजवळ, जेमतेम चार वाव पाण्यात, एक गोब्रा लागला. वीतभर, तपकिरी, अंगभर ठिपके. मी तो टोपलीत टाकणार इतक्यात तांडेलांनी स्वतःचा हात आधी समुद्रात बुडवून ओला केला आणि मग मासा हातात घेतला. कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मासा पुढे जगत नाही. गरी अलगद सोडवून त्यांनी तो पाण्यात धरला. गोब्रा कल्ले हलवत क्षणभर तसाच राहिला, आणि गेला. बहुतेक गोब्रे जन्माला मादी म्हणून येतात आणि पुरते मोठे झाल्यावर त्यांतले काही नर होतात. म्हणजे लहान गोब्रे उचलत राहिलं तर पुढची वीणही गेली आणि पुढचे नरही. राज्याने 2023 मध्ये पन्नासहून अधिक जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून दिली, ते फार चांगलं झालं. पण पट्टी काढायच्या आधी हात ओला करणारा माणूस मी पाहिला आहे, आणि माझा भरवसा त्याच्यावर जास्त आहे.

दुपारी वारा फिरला, खारा वारा सुटला. क्षितिजावर ढगांची एक बारीक रेघ होती. जूनमध्ये याच समुद्रावरून निघालेले ढग रतनगड-घाटघरच्या कड्यांना अडतात, तिथे धो धो रिते होतात, आणि आमच्या वाट्याला वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटर उरतं. बाकीचं येतं ते प्रवरेतून, ओझरच्या बंधाऱ्यावरून, डाव्या कालव्याने. शाळेत हे नकाशावर गिरवलं होतं. होडीच्या काठावरून हात सोडला, तेव्हा ज्या पाण्यासाठी आम्ही जन्मभर अर्ज केले त्याच्या उगमाशी बसलो आहोत, असं वाटून गळा दाटून आला.

आता चारीच्या कडेला बसलो आहे. पाणी गढूळ आहे, गार आहे, त्यात उसाचं एक पाचट फिरतं आहे. आमची पाळी सव्वासातला. आज पंचमी, पाचाची पाऊणपट पावणेचार. मालवणात भरती येऊन गेली असेल.