फाटक कोणी लावायचे?

कुंपणाचे काम अडवण्याचे. पण ज्या कुंपणाने गाय अडावी आणि माणूस अडू नये, त्याच्यापुढे एक पेच उभा राहतो. दोघेही एकाच वाटेने येतात. गायीला थांबवायचे तर वाट बंद हवी, माणसाला जाऊ द्यायचे तर ती उघडी हवी. हा लोहार-सुताराचा प्रश्न आहे असे कोणी म्हणेल. आम्हाला तो नीतीचाही प्रश्न वाटतो. कारण त्याच्या पोटात दुसरा प्रश्न आहे : एखाद्याच्या गुराढोरांची राखण वाटेने जाणाऱ्या परक्याच्या नियतीवर सोपवावी काय?

हा पेच जिथे रोजचा आहे, तिथेच जाऊन त्याचा विचार करू. अमेरिकेच्या पश्चिम भागात सरकारी मालकीची अफाट जमीन आहे. तिथल्या भूव्यवस्थापन खात्याकडेच सुमारे २४.५ कोटी एकर जमीन आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या तिपटीहून जास्त. त्यातल्या मोठ्या भागावर, साधारण १५.५ कोटी एकरांवर, पशुपालकांना परवान्याने गुरे चारता येतात. ही परवान्याची पद्धत १९३४ च्या टेलर चराई कायद्याने आली. त्याआधी ज्याची गुरे आधी पोहोचतील त्याचे गवत, असा प्रकार होता आणि माळ उजाड होत चालले होते. मग कुरणांचे भाग पडले, त्यांच्यामध्ये तारा आल्या. काटेरी तार तर आधीच आली होती. जोसेफ ग्लिडन या इलिनॉयच्या शेतकऱ्याने १८७४ साली तिचे पेटंट घेतले होते.

पण जमीन जनतेची. तिच्यावर गवताचा हक्क परवानेदाराचा असला, तरी फिरण्याचा हक्क इतरांचाही आहे. शिकारी येतात, घोडेस्वार येतात, पायी भटकणारे येतात. आणि गेल्या पन्नास वर्षांत आणखी एक पाहुणा आला : फुगीर टायरांची, खडकाळ वाटेवरून धावणारी छोटी गाडी. तिला तिकडे एटीव्ही म्हणतात. होंडा कंपनीने १९७० साली तीन चाकांची गाडी बाजारात आणली, पुढे चार चाकांची आली. या गाड्यांनी माळ इतके तुडवले की १९७२ साली राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना सरकारी जमिनीवर त्या कुठे चालाव्यात आणि कुठे नाही हे ठरवण्याचा आदेश काढावा लागला. वाटा आखून दिल्या गेल्या. आखलेली वाट मात्र कुंपणाला कुठेतरी छेदणारच. त्या छेदावर काय ठेवायचे?

सर्वांत जुने उत्तर म्हणजे फाटक. पायी माणसाला फाटक जड नाही. गाडीवाल्याला मात्र थांबावे लागते, उतरावे लागते, फाटक उघडून गाडी पलीकडे न्यावी लागते आणि पुन्हा उतरून ते लावावे लागते. त्यातून ते तारेचे फाटक असेल, म्हणजे काठ्यांना बांधलेल्या तारा ओढून खांबाच्या कड्यात अडकवायच्या असतील, तर चांगल्या धडधाकट माणसाचा दम निघतो. दिवसभरात अशी दहा फाटके लागली, तर अकरावे उघडेच राहते.

या फाटकांचा एक अलिखित नियम आहे. तो 'फाटक लावा' असा नाही. तो असा की फाटक जसे मिळाले तसे सोडा. बंद होते तर बंद करा, उघडे होते तर उघडेच राहू द्या. पशुपालकाने ते मुद्दाम उघडे ठेवलेले असेल, पलीकडच्या पाणवठ्यावर गुरांना जाता यावे म्हणून. एखादा भला माणूस पुण्य समजून ते लावून गेला, तर गुरे तहानेने तडफडतील. परक्याच्या व्यवस्थेत शिरणाऱ्याने आपली अक्कल नव्हे, तर आपली नम्रता बरोबर न्यावी, अशी ही शिकवण आहे. आपल्या भाषेत सांगायचे तर फाटक ही अमानत आहे. अमानत जशी घेतली तशी परत करायची असते. तिच्यात आपल्या मर्जीने सुधारणा करायची नसते.

पण अमानतीत खयानत झाली तर? फाटक उघडे राहिले की एकाची गुरे दुसऱ्याच्या कळपात मिसळतात. वर्षभर विश्रांती दिलेले कुरण चार दिवसांत खाल्ले जाते. गाय रस्त्यावर येते आणि रात्री तिच्यावर गाडी आदळते. तोवर फाटक उघडे टाकणारा शंभर मैल दूर गेलेला असतो. भोगतात दुसरेच, आणि त्यांत सर्वांत आधी मुके जनावर.

म्हणून माणसाने दुसरे उत्तर शोधले. वाटेत खड्डा खणायचा आणि त्यावर लोखंडी नळ्या किंवा रूळ अंतरा-अंतराने आडवे बसवायचे. चाक त्यावरून खडखडत निघून जाते. गायीचा खूर मात्र त्या फटींवर टिकत नाही आणि खालची काळी पोकळी पाहून ती पाऊलच टाकत नाही. याला अमेरिकेत कॅटल गार्ड आणि ब्रिटनमध्ये कॅटल ग्रिड म्हणतात; आपण जाळी म्हणू. रेल्वेमार्गावर ही युक्ती एकोणिसाव्या शतकातच होती, मोटारींबरोबर ती रस्त्यावर आली. एटीव्हीसाठी तिची अरुंद आवृत्ती निघाली. कारण अमेरिकन वनखात्याच्या जुन्या मापाप्रमाणे अशी वाट पन्नास इंच रुंदीच्या गाडीपुरतीच धरली जाते. कुठे तारेच्या दोन्ही बाजूंना उतार जोडून गाडी कुंपणावरूनच पलीकडे उतरवतात. कुठे गाडीने हळूच धक्का दिला की फाटक फिरते आणि आपोआप मागे येते. कुठे विजेच्या लवचिक तारा आडव्या लोंबत्या ठेवतात. रबरी टायरांवरची गाडी त्यांना बाजूला सारून जाते, जमिनीवर उभ्या गायीला मात्र झटका बसतो.

या सगळ्या युक्त्यांचे मर्म एकच : वाटसरूकडून काहीच मागायचे नाही. त्याला थांबायला नको, आठवायला नको, प्रामाणिक असायलाही नको. सज्जन आणि बेपर्वा दोघेही सारख्याच वेगाने जातात आणि गाय दोघांच्याही मागे सुखरूप राहते.

इथे आमच्यासारख्या शाळेत शिकवणाऱ्यांच्या मनात एक खोच येते. आम्ही वर्गात मुलांना सांगतो की कोणी पाहत नसताना जो नीट वागतो तोच खरा. निर्जन माळावरचे फाटक याच शिकवणीची परीक्षा घेते. पाहणारे कोणी नाही, शिक्षा नाही, शाबासकी नाही. आहे फक्त एक कडी आणि आपला हात. जाळी बसवली म्हणजे ही परीक्षाच रद्द झाली. ज्या समाजात प्रत्येक फाटकाची जाळी होते, तिथे माणसांच्या हाताला कडी लावण्याची सवय उरेल का? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

तरीही आम्हाला तो पुरेसा वाटत नाही. परीक्षा घ्यायला आमची हरकत नाही, पण तिची फी कोण भरतो ते पाहिले पाहिजे. विद्यार्थी नापास झाला तर नुकसान विद्यार्थ्याचे होते, म्हणून शाळेतली परीक्षा न्याय्य आहे. फाटकाच्या परीक्षेत नापास होतो गाडीवाला आणि मरते गाय, बुडतो पशुपालक. आपले चारित्र्य घडावे म्हणून दुसऱ्याचे जनावर पणाला लावण्याचा हक्क कोणालाही नाही.

राखण कोणी करायची, हा वाद आपल्या परंपरेलाही नवा नाही. कुरआनच्या सूरह अंबियामध्ये रात्री कोणाच्या तरी बकऱ्या शेतात शिरल्याचा निवाडा येतो. मुफस्सिर सांगतात की हजरत दाऊद अलैहिस्सलाम यांनी बकऱ्या शेतमालकाला देऊन टाकण्याचा निर्णय दिला. हजरत सुलेमान अलैहिस्सलाम यांनी सुचवले की शेत पूर्ववत होईपर्यंत शेतमालकाने बकऱ्यांचे दूध-लोकर घ्यावे, बकरीवाल्याने शेत उभे करून द्यावे आणि मग ज्याचे त्याला परत मिळावे. हदीसमध्ये बरा बिन आजिब यांची उंटीण एका बागेत शिरल्याचा प्रसंग आहे. तिथे निर्णय असा झाला की दिवसा बागेची राखण बागवाल्याने करावी आणि रात्री जनावरांची राखण जनावरवाल्याने. ज्याला जी राखण सहज जमते, ती त्याच्याकडे. यात कोणावर अविश्वास नाही, फक्त ओझे योग्य खांद्यावर ठेवले आहे. अमेरिकेतही कुठे शेतकऱ्याने गुरे बाहेर ठेवण्यासाठी कुंपण घालायचे, तर कुठे पशुपालकाने गुरे आत ठेवण्यासाठी, असे दोन्ही प्रकारचे कायदे झाले. भांडण तेच आहे.

मात्र गाडीवाला या दोघांहून वेगळा आहे. तो शेतकरी नाही, पशुपालक नाही. तो मौजेसाठी आलेला तिसरा माणूस आहे. कुंपणाला भोक पडते ते त्याच्यासाठी. म्हणून जाळीचा खर्च त्याच्याकडून निघावा हे न्यायाचे. कॅलिफोर्नियाने १९७१ साली कायदा करून अशा गाड्यांच्या नोंदणीची फी आणि त्यांच्या वाटांची व्यवस्था एकमेकांशी जोडली. फाटक लावण्याचे श्रम ज्याचे वाचले, त्याने त्यांची किंमत मोजावी. वाटसरूच्या अंगावरचे कर्तव्य जाळीने पुसले जात नाही, त्याचे फक्त रूप बदलते.

आणि जाळी बसली म्हणजे काम संपले असेही नाही. ती जितकी वाटते तितकी निष्पाप नाही. घोड्याचा पाय तिच्यात अडकून मोडू शकतो, म्हणून शेजारी साधे फाटक ठेवावेच लागते. खड्डा माती-पाल्याने किंवा बर्फाने भरला की गाय त्यावरून निवांत चालत जाते. ब्रिटनमध्ये साळिंदराच्या लहान भावंडासारखा दिसणारा, हेजहॉग नावाचा काटेरी प्राणी असतो. तो या खड्ड्यांत पडायचा आणि वर येता न आल्याने उपाशी मरायचा. एड्रियन कोल्स नावाच्या निवृत्त मेजरांनी खड्ड्यात एक छोटा उतार बसवावा म्हणून खटपट केली आणि त्यातूनच १९८२ साली या प्राण्याच्या रक्षणाची संस्था उभी राहिली. गायीसाठी आणि मोटारीसाठी केलेल्या युक्तीत तिसराच जीव मरत होता. यॉर्कशायरच्या मार्सडेन गावाहून तर २००४ साली बातमी आली होती की मेंढ्या आडव्या होऊन, लोळत जाळीपलीकडे जातात आणि लोकांच्या बागा खातात!

म्हणजे विवेकाची गरज संपली नाही. ती वाटसरूच्या हातून बांधणाऱ्याच्या आणि देखभाल करणाऱ्याच्या हाती गेली. पूर्वी हजार माणसांनी हजार वेळा आठवण ठेवायची होती, आता काही थोड्यांनी वेळच्या वेळी खड्डा साफ करायचा आहे. हे ओझे हलके आहे, पण विसरायला सोपेही आहे. उघडे फाटक लांबूनही दिसते. मातीने भरलेला खड्डा गाडीवरून जाणाऱ्याला दिसत नाही.

गायीच्या बाजूनेही एक शब्द बोलला पाहिजे. काही ठिकाणी खड्डा न खणता डांबरावर फक्त पांढरे पट्टे रंगवतात आणि गाय तरीही थबकते. काळ्या-पांढऱ्यातला ठळक फरक, जमिनीवरची सावली यांना गुरे बिचकतात. प्राणिशास्त्रज्ञ टेम्पल ग्रँडिन यांनी हे वारंवार दाखवले आहे. आता गळ्यातल्या पट्ट्याने आधी आवाज आणि मग हलका झटका देणारे अदृश्य कुंपणही निघाले आहे. गाडीवाल्याला त्यात काहीच आडवे येत नाही. पण कुंपण जमिनीवरून उठून गायीच्या गळ्यात आले आहे, हे विसरू नये. आपली वाट मोकळी होते तेव्हा तिची किंमत कोणाच्या अंगावर गेली, हे विचारणे मोकळ्या वाटेवरही सुटत नाही.

तेव्हा आमचे म्हणणे इतकेच. जिथे एकाच्या विसराळूपणाने दुसऱ्याचा घात होतो, तिथे जाळी बसवावी आणि लोकांच्या सज्जनपणाची वाट पाहत बसू नये. ती बसवताना घोडा आणि हेजहॉग दोघांचीही आठवण ठेवावी. तिचा खर्च वाट वापरणाऱ्याने द्यावा. पण सगळ्याच वाटांवर जाळी बसत नसते. डोंगरातल्या, क्वचित वापरातल्या वाटांवर फाटकेच आहेत आणि राहतील. तिथे गाडी थांबवून, खाली उतरून, ते जसे मिळाले तसे ठेवूनच पुढे गेले पाहिजे, मग मागे धूळ असो की पाऊस.