जाब कोणी द्यायचा?

जुलूम म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर एखादा जालीम उभा राहतो. पण जिथे प्रत्येकाने आपले काम नियमाप्रमाणे केले आणि तरीही माणूस उद्ध्वस्त झाला, तिथे जाब कोणाला विचारायचा?

आसामचे उदाहरण घेऊ. ब्रह्मपुत्रा आणि इतर नद्यांनी 1950 पासून सुमारे 4.27 लाख हेक्टर जमीन गिळली, असे तिथले सरकारच सांगते. नदीतल्या वाळूच्या बेटांवर राहणारी कुटुंबे, त्यांत बहुतेक बंगाली वंशाचे मुसलमान, या बेटावरून त्या बेटावर हलत राहिली. घराबरोबर पेटी वाहून गेली, पेटीबरोबर कागद. त्याच लोकांना 2015 साली सांगण्यात आले, 24 मार्च 1971 पर्यंत तुम्ही किंवा तुमचे वाडवडील इथे होते हे कागदाने सिद्ध करा. 31 ऑगस्ट 2019 रोजी नागरिक नोंदणीची अंतिम यादी लागली, तेव्हा सुमारे 3 कोटी 30 लाख अर्जदारांपैकी 19,06,657 जण बाहेर राहिले. त्यांत मुसलमान होते, तसे हिंदू आणि आदिवासीही होते.

सर्वाधिक हाल बायकांचे झाले. शाळा नाही, जन्मदाखला नाही, लग्न लवकर झालेले. माहेरच्या बापाशी नाते जोडणारा एकच कागद, ग्रामपंचायतीचा दाखला. फेब्रुवारी 2017 मध्ये उच्च न्यायालयाने तो नाकारला. डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने पडताळणीच्या अटीवर पुन्हा ग्राह्य धरला. मधले नऊ महिने त्या बायकांनी कसे काढले असतील!

आम्ही उर्दू शाळांतल्या शिक्षकांना हे दुखणे परके नाही. उर्दूत एकाच तऱ्हेने लिहिले जाणारे नाव देवनागरीत महंमद, मोहम्मद, मुहम्मद होते. जनरल रजिस्टरात आम्ही जे लिहितो तेच मुलाला जन्मभर पुरते. आमच्या लेखी ती एक मात्रा असते. त्याच्या लेखी ती बापाशी असलेली ओळख असते.

कोणी म्हणेल, राज्याला आपले नागरिक कोण हे कळायला नको का? जरूर कळावे. पण पुरावा मागणाऱ्याकडे दप्तरे, कचेऱ्या, नोकरवर्ग आहे. देणाऱ्याकडे पुरात भिजलेली पिशवी. तरीही 1946 च्या परकीय नागरिक कायद्याने सिद्ध करण्याचा भार त्या पिशवीवर टाकला. यादीबाहेर राहिलेल्यांना अपिलासाठी 120 दिवस मिळणार होते, पण ज्या लेखी नकारापासून ते मोजायचे, तो नकारच वर्षानुवर्षे हाती पडला नाही. शरीफ माणसे मधे असूनही असे घडते, कारण प्रत्येकजण आपल्यापुरता कागद पाहतो, माणूस कोणाच्याच टेबलावर येत नाही.

म्हणून आम्हांला वाटते, नियम पाळल्याने जबाबदारी संपत नाही. जो पुरावा समोरच्याकडे असूच शकत नाही हे ठाऊक असते, तो मागणाऱ्याने निदान शोधायला मदत करावी. नोंदवही ही लोकांची अमानत आहे. ती ज्याच्या हाती, जाबही त्याच्याच माथी.