खेडे हा घटक, आणि नदी

बेळगाव-वेंगुर्ला रस्त्याने पश्चिमेला निघाले की हिंडलगा, सुळगा मागे टाकून उचगावचा फाटा लागतो. मळेकरणी देवीच्या आमराईमुळे आणि तेथे भरणाऱ्या साहित्य संमेलनामुळे हे गाव सीमाभागातील वाचकांना नव्याने सांगण्याची गरज नाही. गावाजवळून मार्कंडेय नदी वाहते, ही गोष्ट मात्र आम्हां बेळगावकरांना बहुधा आषाढ-श्रावणातच आठवते. वास्तविक शहरातल्या कितीतरी घरांच्या नळाला येणारे पाणी याच नदीवरच्या राकसकोप जलाशयातले असते. ही नदी तालुक्याच्या पश्चिमेकडून उत्तरेकडे वळसा घेत जाते, गोडचिनमलकीला कड्यावरून उडी घेते आणि गोकाकच्या बाजूला घटप्रभेला मिळते. घटप्रभा कृष्णेला, आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. अरबी समुद्र येथून इतका जवळ असताना आमच्या शिवारात पडलेला पाऊस सबंध द्वीपकल्प ओलांडून पूर्वेकडे जातो. शेजारच्याच खानापूर तालुक्यातली म्हादई मात्र पश्चिमेला वळून गोव्यात उतरते. नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये असे जुनी माणसे म्हणत. तिचे पाणी पुढे कोणाच्या दारात शिरते हेही पाहू नये, असे काही त्यांनी सांगितलेले नाही. तेवढे आम्ही आपल्या मनाने वाढवले.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत शहर या बाजूने वाढत आले. नदीकाठची मळीची जमीन, जिच्यात भाताखेरीज दुसरे काही घ्यावे असे आमच्या वाडवडिलांच्या मनातही आले नसते, तिच्यावर आता कुठे प्लॉट पडतात, कुठे फार्म हाऊस उभे राहते, कुठे मातीचा भराव येतो. काठावर काय बांधू द्यावे आणि पात्रापासून किती अंतरावर, हा प्रश्न नदीकाठच्या प्रत्येक पंचायतीपुढे आज ना उद्या येतोच. खरे तर पंचायतीच्या हाती फार थोडे असते. बिनशेतीचा आदेश जिल्हाधिकाऱ्यांकडून येतो, आराखडा नगरविकास प्राधिकरण पाहते. गावाकडे उरतो तो बांधकामाचा परवाना, दप्तरातली नोंद, आणि ग्रामसभेतली चर्चा. या उरलेल्या भागाविषयीच आम्हांला येथे लिहायचे आहे. कारण गावाच्या म्हणण्याला किती किंमत द्यावी, हा आमच्या घराण्यांचा जुना प्रश्न आहे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हापासून आम्ही एक सूत्र म्हणत आलो आहोत: खेडे हा घटक. भाषिक बहुसंख्या, भौगोलिक सलगता, लोकेच्छा ही सूत्राची उरलेली अंगे. आंध्र आणि मद्रास यांचा तंटा पाटसकरांनी याच तत्त्वाने सोडवला आणि १९५९ साली त्याचा कायदाही झाला. मग आम्हांलाच वेगळा न्याय का, असे आम्ही १९६६ साली नेमलेल्या महाजन आयोगापुढे म्हटले, आणि २००४ सालापासून सर्वोच्च न्यायालयात असलेल्या दाव्यातही तेच म्हणणे आहे. जिल्हा किंवा तालुका या कागदावरच्या सोयी आहेत, गाव मात्र खरे, असा या सूत्राचा आत्मा. आमच्यापैकी कित्येकांनी ते लहानपणी सभेच्या सतरंजीवर बसून ऐकले आहे. त्यामुळे गावाने काही ठरवले की त्यावर प्रश्नचिन्ह लावताना आमचा हात अडखळतो.

या अडखळण्याला मोठा पूर्वज आहे आणि मोठा प्रतिपक्षही. गांधीजींनी स्वराज्याची इमारत खेड्यावर उभी करू पाहिली. उलट डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना खेड्याच्या संकुचितपणावर कठोर टीका केली, आणि मसुद्याने खेडे सोडून व्यक्तीला घटक मानले याबद्दल समाधान व्यक्त केले. घटक हाच शब्द. आम्ही आयुष्यभर ज्या शब्दाला चिकटून राहिलो, त्याच शब्दापाशी त्यांनी गावाला नकार दिला होता. गावात कोणाचे चालते आणि कोणाला वेशीबाहेर ठेवले जाते हे त्यांनी सोसले होते. आमच्या घराण्यांनी ते सोसलेले नाही, उलट बहुतेक वेळा आम्ही चालवणाऱ्यांच्या बाजूला होतो. हे कबूल केल्याशिवाय नदीकाठाविषयी बोलण्यात अर्थ नाही.

दुसरीही एक कबुली द्यायची आहे. आमच्या घरची नदीकाठची दीड एकर मळी आम्ही विकली. कसायला कोणी उरले नव्हते, मुले पुण्याला आणि पुढे परदेशी गेली होती, आणि आलेला भाव भाताच्या चाळीस सुगींत मिळाला नसता. घेणाऱ्याने कायद्याने लागणारे कागद केले आणि जमीन रस्त्याच्या पातळीला येईपर्यंत भराव टाकला. त्यात लपवण्यासारखे काही नव्हते. पुढे २०१९ चा ऑगस्ट आला. त्या महिन्यात कोल्हापुरात पंचगंगेने ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५५ फुटांच्या वर मजल मारली, शिरोलीपाशी महामार्ग पाण्याखाली गेला, इकडे निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगा रस्त्यावर आली, आणि मार्कंडेयही पात्र सोडून दोन्ही काठांच्या भातशेतीत पसरली. पाणी ओसरल्यावर आम्ही पाहायला गेलो. आमच्या विकलेल्या जागेत चिखलाचा ठिपकाही नव्हता. शेजारच्या शेतात, जिथे पूर्वी पाणी घोट्यापर्यंत येऊन एका रात्रीत निघून जाई, तिथे ते आठवडाभर तुंबून भात कुजले होते. शेताचे मालक आमच्या वडिलांच्या वेळेपासून ओळखीचे. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “यंदा तुमचं पाणी आमच्यात आलं बघा, अण्णा.”

तुमचं पाणी! जमीन आम्ही विकली होती, उताऱ्यावर आमचे नाव नव्हते. पण त्यांच्या हिशेबात ते पाणी आमचेच होते. दीड एकरात जे मावत असे, ते आम्ही पैसे घेऊन त्यांच्याकडे वळवले होते. व्यवहारात दोन पक्ष होते आणि दोघेही संतुष्ट होते. तिसऱ्याला कोणी विचारले नव्हते, कारण विचारण्याची जागाच कागदावर नव्हती.

अशी जागा म्हणजे ग्रामसभा, असे कोणी म्हणेल. म्हणून आमच्या पट्ट्यातल्या एका गावची सभा सांगतो; गावाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण ते कोणतेही असू शकेल. काठावरच्या एका मोठ्या बांधकामाचा विषय होता. नोटीस कन्नडमध्ये होती, ती वेळेवर कोणी वाचली नाही. मराठी परिपत्रकांची आमची मागणी न्याय्य आहे, यात शंका नाही. पण गैरहजेरीचे निमित्त म्हणूनही आम्ही तिचा उपयोग पुष्कळ केला आहे. सभेला मोजकी माणसे. एकाने विचारले, पूर आला तर? दुसऱ्याने उत्तर दिले, त्याची जमीन, त्याचे पैसे, आपले काय जाते? हात वर झाले. विषय संपायला चहा यायच्या आतला वेळ लागला.

त्या दुसऱ्या माणसाला आम्ही मूर्ख किंवा लोभी म्हणणार नाही. त्याची स्वतःची दोन एकर जमीन त्याच काठावर आहे. रताळ्याचा भाव दिल्लीच्या बाजारात पडला की इथे त्याच्या घरात दिवाळी होत नाही. मुलीचे लग्न, मुलाचे शिक्षण, आईचे औषध हे सर्व त्याला त्याच दोन एकरांतून काढायचे आहे, आणि आज पहिल्यांदाच त्या जमिनीला गिऱ्हाईक आले आहे. ज्यांनी आपल्या जमिनी आधीच विकून शहरात बंगले बांधले, त्यांनी रविवारी गाडीने येऊन त्याला नदीचे माहात्म्य सांगावे, यात एक प्रकारचा निर्लज्जपणा आहे. हा लेख लिहितानाही तो आम्हांला बोचतो आहे. संयमाचा सारा भार शेवटी विकणाऱ्यावर टाकणे हा अन्यायच. पहिल्याने विकले म्हणून त्याला भाव मिळाला आणि शेवटच्याला मात्र नीतीचा पाठ.

तरीही गावाने परवानगी दिली म्हणून गोष्ट योग्य ठरते काय? केरळात कोचीजवळच्या मरडू येथे काय झाले ते या बाबतीत पाहण्यासारखे आहे. तिथे २००६ साली ग्रामपंचायतीनेच खाडीकाठच्या इमारतींना परवाने दिले. किनारपट्टीच्या नियमनासाठी नेमलेल्या प्राधिकरणाची संमती घेतली नाही. पुढे चूक लक्षात येऊन पंचायतीने नोटिसा काढल्या, बांधकाम करणारे उच्च न्यायालयात गेले, आणि दरम्यान इमारती पुऱ्या होऊन त्यांत माणसे राहायला आली. सर्वोच्च न्यायालयाने ८ मे २०१९ रोजी त्या पाडण्याचा आदेश दिला. ११ आणि १२ जानेवारी २०२० या दोन दिवसांत चार गृहसंकुले सुरुंग लावून पाडण्यात आली; तीनशेहून अधिक कुटुंबांना प्रत्येकी २५ लाख रुपयांची अंतरिम भरपाई ठरली. दूरचित्रवाणीवर आपण सर्वांनी तो धुरळा पाहिला. आम्हांला त्यात सर्वांत खोल वाटते ती पंचायतीची दशा: तिला आपला होकार परत घ्यायचा होता आणि घेता आला नाही. शेतीचा नकार पुढच्या वर्षी होकारात बदलता येतो. काँक्रीटला दिलेला होकार बदलायला सुरुंग लागतो.

मग अधिकार वरच्यांकडे द्यावा, असे वाटू लागते. त्याचाही अनुभव आहे. बेंगळूरच्या तलावांभोवती ७५ मीटर मोकळे ठेवा, असे राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ साली सांगितले. ५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला आणि जुन्या आराखड्यातले ३० मीटर पुन्हा लागू झाले. कायद्याच्या दृष्टीने त्याला कारणे असतील. तलाव मात्र दोन्ही वर्षी तिथेच होता. महाराष्ट्रात पूररेषा आखतात, २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि १०० वर्षांतल्या पुराची लाल, आणि कोल्हापूरकरांना त्या रेषांवरचे वाद पाठ आहेत. गोव्यात २००६ चा प्रादेशिक आराखडा लोकांनी उठाव करून मागे घ्यायला लावला. त्यानंतरच्या, २०२१ सालासाठीच्या आराखड्याचे मसुदे गावोगावच्या ग्रामसभांपुढे गेले, लोकांनी आपापल्या ओहोळांच्या आणि डोंगरांच्या खुणा नकाशावर केल्या, आणि २०१२ मध्ये तोही स्थगित झाला. वर बसलेल्यांना नदी कळतेच असे नाही. आम्हां सीमाभागातल्या लोकांना हे कोणी शिकवायला नको.

हिमाचलमध्ये बियास नदीच्या काठी एका हॉटेलासाठी प्रवाहच वळवला गेला, त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली एक विचार मांडला: नदी, किनारा, वने यांचे शासन हे मालक नसून विश्वस्त आहे. विश्वस्त हा शब्द आम्हांला देवस्थानांमुळे घरचा आहे. देवीच्या आमराईतले झाड तोडायचे तर गावातल्या कोणालाही ते आपले वाटत नाही, म्हणूनच ते सर्वांचे राहते. नदीला आपण आई म्हणतो खरे, पण आईच्या नावावर उतारा नसतो.

येथवर आल्यावर आम्हांला आमचे जुने सूत्र पुन्हा उलगडून पाहावेसे वाटले. गाव हा घटक का? गावाची इच्छा पवित्र असते म्हणून? आमच्या मते ते कारण कधीच पुरेसे नव्हते. आंबेडकरांची टीका तिथे बरोबर लागू पडते. गावाला महत्त्व द्यायचे ते गावाला जे ठाऊक असते ते इतर कोणाला नसते म्हणून. घरात कोणती भाषा बोलतात हे दिल्लीहून किंवा बेंगळूरहून दिसत नाही, गाव ते सांगू शकते. आमची मागणी मुळात साक्षीची होती; आम्ही तिला इच्छेची भाषा देत गेलो. नदीच्या बाबतीतही तसेच. पाणी कोणत्या साली कोणत्या बांधापर्यंत आले, कोणता ओढा कोणी बुजवला, कुठे म्हशी उतरत आणि आता का उतरत नाहीत, हे कोणत्याही प्राधिकरणाच्या नकाशावर नसते. त्या सभेत लोकांना विचारले गेले ते, तुम्हांला चालेल का? तुम्ही काय पाहिले, हे कोणी विचारले नाही. विचारले असते तर त्याच माणसांना, त्या दोन एकरवाल्यालाही, वेगळे उत्तर द्यावे लागले असते. इच्छेच्या बाबतीत माणूस शेजाऱ्याला विसरू शकतो. २०१९ ला पाणी कुठे होते, याचे उत्तर देताना शेजाऱ्याचे शेत वगळता येत नाही.

अर्थात साक्ष देणाऱ्याने मग खालच्या गावांपुढेही ती दिली पाहिजे, आणि वरच्या गावांची ऐकली पाहिजे. उचगावच्या वर राकसकोप आहे, खाली आंबेवाडी, कंग्राळी, काकती आहेत. एका गावापुरती नदी असत नाही. आमच्या सूत्राने हे कधी लक्षातच घेतले नव्हते. भाषेला सलगता लागते एवढे आम्ही जाणले, पाण्याची सलगता आमच्या कागदांत आली नाही.

आमच्याकडे अजून अठरा गुंठे उरले आहेत, काठाला लागूनच. गेल्या दिवाळीत त्यालाही विचारणा झाली. धाकट्या भावाचे म्हणणे विकावे, कारण आपण नाही विकले तरी दोन्ही बाजूंचे विकणार आणि मग पाणी आपल्यातच तुंबणार. त्याचा हिशेब चुकीचा नाही. थोरल्या वहिनींनी एवढेच विचारले की शेजारच्या शेतकऱ्यांना सांगितले आहे का. अजून कोणी सांगितलेले नाही. भात कापणी झाली की जायचे ठरले आहे.